निसर्ग वादळ आणि आमची दिवेआगरची वाडी

वादळात घरात नेमकं कुठे बसायचं असं कुणीतरी विचारलंय म्हणून लिहितो. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा लॉकडाऊनमुळे आम्ही सगळेच कोकणात दिवेआगरला होतो. सकाळी नुसता पाऊस, दुपारी बारानंतर जो वारा सुटला की पडवीची कौलं पत्त्यांसारखी उडायला लागली, मग आई म्हणाली माजघरात चला, तिथे खिडकी नाही आणि भिंती जुन्या जांभ्याच्या. आजी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात घेऊन बसली होती, बाबा आणि मी दाराला पाठ लावून, तरी कडी थाडथाड हलत होती. मध्येच वारा फिरला आणि उलट्या बाजूने झोडपायला लागला, तेव्हा खरी टरकली. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मोडताना कडाड असा आवाज येतो, पहिले काही मोजले मग सोडून दिलं.

संध्याकाळी बाहेर आलो तर मागच्या वाडीतून थेट शेजाऱ्यांचं घर दिसत होतं, जे आयुष्यात कधी दिसलं नव्हतं. वीज महिन्याभराने आली. कौलं परत चढवली पण पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात हो, ते पंचनाम्यात कुठे लिहिणार.