कृषी सेवा केंद्राला नक्की कुठलं सॉफ्टवेअर लागतं?

हिंगोलीकर_दुकानवाला
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात आमचं कृषी सेवा केंद्र आहे, बियाणं खत औषधं तिन्हीचं लायसन आहे. हिशोब अजून वह्यांतच, बिलबुक कार्बनवालं आणि उधारीची खतावणी अप्पांच्या हातची. धाकटा भाऊ बीकॉमला आहे, त्याच्या पुस्तकात सिस्टीम सॉफ्टवेअर ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर असं सगळं दिलंय पण दुकानात त्याचा उपयोग काय ते काही कळत नाही. परवा एक एजंट येऊन गेला, म्हणे ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) आता सगळ्यांना कंपल्सरी झालंय, आमची ईआरपी (खरेदी, विक्री, स्टॉक, हिशोब सगळं एकत्र बघणारं सॉफ्टवेअर) घ्या, सगळं ऑटोमॅटिक होतं. टॅक्सवाले साहेब म्हणतात टॅली घ्या. शेजारचा दुकानदार मोबाईलच्या ॲपवर बिल फाडतो आणि खूश आहे. अप्पा म्हणतात, त्यानं उधारी वसूल होणार आहे का ते आधी सांगा. मला त्यांचं बोलणं पटतं कारण निम्म्यावर धंदा सोयाबीन निघेपर्यंतच्या उधारीचाच आहे. खरिपाच्या आधी ठरवायचंय, जाणकारांनी सांगा.

खत_बियाणं_जालना
दादा, माझंही हेच दुकान आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुस्तकातलं आधी मोकळं करू. विंडोज, अँड्रॉइड ही सिस्टीम सॉफ्टवेअर, ती कॉम्प्युटर किंवा फोन चालवतात, तुमच्या दुकानाशी त्यांचा संबंध नाही. त्यावर एखादं ठरावीक काम करून देणारं ते ॲप्लिकेशन, म्हणजे एक्सेल, टॅली, बिलिंगचं ॲप. तुम्ही तर ते रोज वापरता, खताचं पॉस मशीन! आधार आणि अंगठा घेऊन आपण पोतं विकतो, त्या विक्रीवर कंपनीला अनुदान मिळतं, आणि ते मशीन तेवढ्यासाठीच बनवलंय. गणपतरावांची मागची बाकी किती, औषधात सुटलं किती, हे त्याला विचारून उपयोग नाही. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर बघताना हे कुणाच्या कामासाठी बनवलंय ते आधी बघा, कंपनीचं नाव नंतर.

आपल्या धंद्यात माझ्या मते सगळ्यात मोठं काम बॅच आणि लॉट नंबरचं, म्हणजे माल कंपनीच्या कुठल्या खेपेतला ते सांगणारा पाकिटावरचा नंबर. मुदत संपलेलं कीटकनाशक विकता येत नाही, वेगळं काढून ठेवावं लागतं. पुढच्या तीन महिन्यांत कुठल्या बाटल्यांची मुदत संपतेय ही यादी जर एका बटणावर निघाली तर मुदत शिल्लक असतानाच डिस्ट्रिब्युटरशी बोलता येतं, मागच्या फळीवर बाटली सापडल्यावर बोलून काही होत नाही. बियाण्याचं त्याहून नाजूक. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या होत्या, आठवतंय ना? अशा वेळी शेतकऱ्याच्या हातात लॉट नंबर लिहिलेलं बिल असणं हाच त्याचा आधार असतो आणि आपलाही, कारण माल कुठून आला ते आपल्याला दाखवता येतं. गर्दीत हातानं बिल लिहिताना लॉट नंबर हमखास राहतो. जे सॉफ्टवेअर लॉट टाकल्याशिवाय बियाण्याचं बिल पुढं जाऊ देत नाही ते घ्या. एजंटला तुमच्याच दुकानातल्या तीन पिशव्या देऊन समोर बिल करायला लावा.

लेजरवाली_नाशिक
मी काही दुकानांचे अकाउंट्स बघते. पहिली गोष्ट, घाबरून काही घेऊ नका. ई-इन्व्हॉइस उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेल्यांना आहे, तेही जीएसटी नंबरवाल्या गिऱ्हाइकाच्या बिलाला. शेतकऱ्याला विकता त्या बिलाचा त्यात संबंधच येत नाही.

जीएसटीसाठी मात्र सॉफ्टवेअरचा खरंच फायदा आहे, कारण तुमच्या एकाच काउंटरवर तीन रेट आहेत, बियाण्याला शून्य, खताला ५ टक्के आणि रासायनिक कीटकनाशकाला १८. त्यात २२ सप्टेंबर २०२५ ला रेट बदलले तेव्हा सूक्ष्म अन्नद्रव्यं १२ वरून ५ वर आली. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये रेटला तारीख जोडता येते, म्हणजे जुनं बिल जुन्याच रेटनं राहतं आणि नवं नव्या. आणि खरेदीचं मिळवून बघणं. डिस्ट्रिब्युटरनं तुमचं बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलंच नसेल तर तो टॅक्स तुम्हाला वळता करून घेता येत नाही, ते जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या तुमच्या खरेदीच्या यादीत, दिसतं. वहीशी हे हातानं ताडून बघत बसलं की दोनचार बिलं सुटतातच, आणि सुटलं की तो टॅक्स तुमच्या खिशातून गेला.

टॅलीत बॅच, एक्सपायरी, बिलवार उधारी तिन्ही आहे, फक्त ते ऑप्शन चालू करून घ्यावे लागतात, बरेच बसवणारे करून देत नाहीत. भावाला आधी एज्युकेशनल मोडवर शिकू द्या, त्याला पैसे लागत नाहीत, फक्त महिन्याच्या ठरावीक तारखांच्याच एंट्र्या टाकता येतात, हात बसायला तेवढं पुरे. माल जास्त आणि काउंटरला गर्दी असेल तर मार्ग, बिझी ही सॉफ्टवेअरंही बघून ठेवा.

मोबाईलवाला_सांगली
ताई बरोबर आहे पण सुरुवात मोबाईल ॲपनं केली तरी चालतं असं माझं मत. लाईट गेली तरी बिल निघतं, बिल व्हॉट्सॲपवर जातं, उधारीच्या बाकीचा मेसेजही जातो. एकच बघा, फोन हरवला तर डेटा दुसऱ्या फोनवर येतो का.

हिंगोलीकर_दुकानवाला
खूप धन्यवाद सगळ्यांना, लॉट नंबरचं तर डोक्यातच नव्हतं. पण अप्पांचा प्रश्न तसाच राहिला की, उधारीचं काय? आणि ते कॉम्प्युटरला हात लावणार नाहीत.

खत_बियाणं_जालना
वसुली सॉफ्टवेअर करत नाही, माणूसच करतो. पण कुणाकडं आधी जायचं ते ते सांगतं. बिलवार बाकी लावली की ९० दिवसांवरची वेगळी, १८० वरची वेगळी अशी यादी निघते. सोयाबीन बाजारात यायला लागलं की गावाप्रमाणे लावलेली ती यादी अप्पांच्या हातात द्या, छापून, मोठ्या अक्षरात. त्यांना कॉम्प्युटरला हात लावायची गरजच नाही. कोण कसा देतो, कुणाकडं यंदा लग्न आहे, कुणाचं पीक गेलंय हे अप्पांनाच माहीत, ते कुठल्या सॉफ्टवेअरला कळणार नाही, त्यामुळं शेवटचा निर्णय त्यांचाच राहू द्या. आणि यंदाचा खरीपभर त्यांची खतावणी बंद करू नका, दोन्ही चालू ठेवा आणि दर शनिवारी एकूण बाकी जुळवा, फरक आला तर त्याच दिवशी शोधा.

आणखी एक, मालाची नावं सुरुवातीलाच एका माणसानं ठरवा. युरियाचं पोतं ४५ किलोचं, डीएपीचं ५० चं, कुणी पोतं टाकलं कुणी किलो टाकले की स्टॉकचा पार गोंधळ होतो, आणि मग लोक सॉफ्टवेअरला नावं ठेवतात.

लेजरवाली_नाशिक
हे नावांचं अगदी महत्त्वाचं. आणि पैसे भरायच्या आधी एजंटकडून लेखी घ्या की पुढच्या वर्षी रिन्यू केलं नाही तर जुना डेटा उघडेल का, आणि सगळी खाती एक्सेलमध्ये काढून मिळतील का. माझ्या एका दुकानदाराचा दोन वर्षांचा हिशोब असाच अडकला होता, शेवटी छापील बिलांवरून सगळं परत टाकावं लागलं. एका पेन ड्राइव्हवर बॅकअप घरी, एक दुकानात, आणि ती जबाबदारी धाकट्याकडं द्या.