मदत हवी आहे: दोमिएची रेल्वेची व्यंगचित्रं

फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमिएवर कलामंडळात बोलायचंय. त्याच्या 'तिसऱ्या वर्गाचा डबा' या चित्रातली मांडीवर टोपली घेतलेली म्हातारी सगळ्यांना माहीत आहे. मला हवीत 'शारिवारी' या फ्रेंच व्यंगपत्रातली त्याची रेल्वेवरची खट्याळ शिळाछापं (दगडावरून छापलेली चित्रं). तेव्हाच्या डब्यांना आतून जोडणारी वाटच नव्हती. गाडी सुटली की अनोळखी माणसासमोर गुडघ्याला गुडघा लावून कोंडून घ्यायचं! त्यात 1860 मध्ये न्यायाधीश प्वांसो यांचा पहिल्या वर्गाच्या डब्यात खून झाला, मग तर समोरचा प्रत्येक जण संशयित. (आपण निदान शेंगदाणे तरी पुढे करतो.)

छपाईला चालतील अशी मोठी, स्पष्ट चित्रं कुठे मिळतील? आणि फ्रेंच येणारं कुणी चित्रांखालच्या ओळींचं मराठी करून देईल का? खरी गंमत तिथेच आहे.