चांदोलीला तंबू कुठं टाकायचा?

रोहन, बी-204: मंडळी, नाताळच्या सुट्टीत चांदोली नक्की होतंय. मोठे 8, पोरं 6. तंबू मित्राकडून मिळतायत. धरणाच्या पाण्याकडेला आत जंगलात एक रात्र मुक्काम, सकाळी प्रचितगड. कोण कोण येतंय?

वैशाली, ए-101: आमचे तिघे त्यातच धर. पण पोरांना घेऊन रात्री जंगलात? मला धडकी भरलीय.

साळुंखे काका, ए-302: रोहन, आत तंबू टाकायचा विचार काढून टाक बाळा. चांदोली 2004 पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. 2025 मध्ये ताडोब्याची वाघीण आणून तिथं सोडलीय. आत जायचं ते दिवसा, वनखात्याचा पास काढून, गाईडबरोबर. आणि प्रचितगड पोरांना घेऊन एका सकाळीत होत नाही. एक वाट कोकणातनं शृंगारपूरवरून चढते, दुसरी पाथरपुंजकडनं. परवानगी लागते ती वेगळीच.

रोहन: काका, मग ट्रिपच रद्द करायची काय?

साळुंखे काका: रद्द कशाला? नीट आखूया की. सांगलीतनं आष्टा, पेठ नाका, शिराळा, कोकरूड, आरळा असं जायचं. पहाटे निघूया, पोरं सोबत आहेत म्हणजे तीन तास धरा. पहिल्या दिवशी गुढे पाचगणीच्या पठारावर भरपूर चाला, पवनचक्क्यांखालनं. पोरांचे पाय मोकळे होतात. मुक्काम उद्यानाबाहेर, गावात कुणाच्या तरी रानात, मालकाला विचारून. दुसऱ्या दिवशी सकाळी आत.

मेघा, सी-103: शेकोटी चालेल ना काका? आणि ब्लूटूथ स्पीकर?

साळुंखे काका: मेघा, डिसेंबरात तिथलं गवत वाळून खडखडीत झालेलं असतं. एक ठिणगी उडाली की डोंगर पेटतो. स्वयंपाक गॅसच्या छोट्या शेगडीवर करूया, तोही घराच्या अंगणात. स्पीकर नको, हे मी हात जोडून सांगतो. पाच वर्षांपूर्वी आम्ही असेच राहिलो होतो, शेजारी दुसरा एक ग्रुप. अंधार पडेपर्यंत गाणी दणदणत होती. मग बांधावर गवा येऊन उभा राहिला. एकटा, काळाभोर, गुडघ्यापासनं खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. फुसकन श्वास सोडला तेव्हा नाकातनं वाफ निघाली, इतका जवळ. ती पोरं भांडी टाकून पळाली. जनावर बिचारं रोजच्या वाटेनं पाण्यावर निघालं होतं. 2021 च्या डिसेंबरात आपल्या मार्केट यार्डात गवा शिरला होता, आठवतंय? माणसांच्या गराड्यात कसं भेदरलं होतं ते.

वैशाली: आठवतंय. मोबाईल घेऊन सगळे मागं लागले होते. वाईट वाटलं होतं.

रोहन: पटलं काका. स्पीकर कॅन्सल. थंडीचं काय?

साळुंखे काका: पहाटे दव इतकं पडतं की तंबूचं कापड आतनंसुद्धा ओलं होतं. खाली ताडपत्री, वर घोंगडी. तंबू ओढ्याच्या पात्रात नको, वाळक्या फांदीखाली नको. खाण्याचं काही तंबूत ठेवायचं नाही. बूट सकाळी झटकूनच घालायचे.

मेघा: आत गेल्यावर वाघ दिसेल काय?

साळुंखे काका: त्या आशेनं येऊ नका. शेकरू दिसेल, गवे दिसतील, धनेश उडाला तर पंखांचा आवाज आधी ऐकू येईल. पोरांना एक मात्र दाखवायचंय. हरिपूरला संगमावर कृष्णेला मिळते ती वारणा या डोंगरातनं येते. पोरं तिथं पोहायला शिकली, पण ती कुठनं येते हे त्यांना माहीत नाही.
आणखी एक सांगतो. आमच्या आईचं माहेर आतल्याच एका गावात. जंगल राखायचं म्हणून गावं उठवली, त्यात तेही उठलं. मागं एकदा गाईडनं एक जोतं दाखवलं होतं. गवत बाजूला केलं तर जात्याची खालची तळी, मधला खुंटा गेलेला, भोकात पावसाचं पाणी. शेजारी आंब्याचं झाड, अजून मोहरतं म्हणे. म्हणून सांगतो, तिथं दंगा नको. कुणीतरी घर सोडलं म्हणून ते जंगल आहे.

वैशाली: काका, हे आजवर कधी बोलला नव्हता.

रोहन: आजींना घेऊन येताय काय?

साळुंखे काका: विचारलं मघाशी. काही बोलली नाही. पण स्वेटर काढून उशाशी ठेवलाय.

वैशाली: मग पुढची सीट आजींची. रोहन, यादीत पहिलं नाव लिही.

रोहन: लिहिलं. मोठे 9.