बोट्स्वानाने सगळं नीट केलं, मग आज ही ओढाताण का?

रानवाट:
खनिजं सापडली की देशाचं वाटोळं होतं, असं कुणी म्हटलं की दुसरा कुणीतरी बोट्स्वानाचं नाव काढतोच. काढावंच. १९६६ साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात डांबरी रस्ता जेमतेम १२ किलोमीटर. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा यांनी खनिजांवरचा हक्क जमातींकडून काढून सरकारकडे घेतला, आणि ओरापा होतं त्यांच्याच बामांग्वाटो जमातीच्या मुलखात! पुढे हिरे काढून विकणाऱ्या बड्या डी बीअर्स कंपनीशी घासाघीस करून खाणींच्या कंपनीत निम्मा वाटा मिळवला. १९९४ साली बचतीसाठी पुला फंड काढला.

तरीही आज निर्यातीतला जवळपास ८० टक्के वाटा हिऱ्यांचाच. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी भाव पाडले आणि २०२४ मध्ये अर्थव्यवस्था आक्रसली. स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला पक्ष त्याच वर्षीच्या निवडणुकीत ४ जागांवर आला. ऑगस्ट २०२५ मध्ये औषधांच्या तुटवड्यामुळे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. माझं मत स्पष्ट आहे: पैसा खाल्ला नाही एवढ्यावर शाबासकी पुरे. ५० वर्षांत कमाईचं दुसरं साधन उभं राहिलं नाही, हे राज्यकर्त्यांचं अपयश आहे.

ताळेबंद:
साफ असहमत. लोकसंख्या २५ लाखांच्या आसपास, समुद्र नाही, बराचसा भाग कालाहारीचं वाळवंट. शेजारी दक्षिण आफ्रिका आणि तिच्याशी जकातसंघ, म्हणजे आपसात आयात शुल्क नाही. कारखाना काढणारा जोहान्सबर्ग सोडून बोट्स्वानाच्या राजधानीत, गाबोरोनेला कशाला येईल? प्रयत्न झालेच नाहीत असंही नाही. गोमांस युरोपला जातं. सेलेबी-फिक्वेला तांबं-निकेलची खाण चालवली, ती २०१६ मध्ये बंद पडली आणि हजारो लोक घरी बसले. 'दुसरं साधन' कोणतं, ते तुम्हीच सांगा.

रानवाट:
लांब कशाला, पैलू पाडण्याचा धंदा. डी बीअर्सने कच्च्या हिऱ्यांची विक्री लंडनहून गाबोरोनेला हलवली ती २०१३ मध्ये. हा आग्रह २० वर्षं आधी धरता आला असता.

बीकेसीकर:
या धंद्याच्या आसपास वावरतो म्हणून सांगतो. गाबोरोनेत एक हिरा घासायला सुरतेपेक्षा कितीतरी जास्त खर्च येतो. आपल्याकडच्या कंपन्या तिथे गेल्या त्या कच्चा माल मिळावा म्हणून. माल हवा तर पैलू इथेच पाडा ही अट काढा, उद्या कुलूप. आणि ज्या प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी त्यांचं कंबरडं मोडलं, ते बनवण्यातही सुरत पुढे आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात आपण त्यांच्या बीजांवरचं (ज्या तुकड्यावर हिरा वाढवतात त्यावरचं) आयात शुल्क माफ केलं. त्याच जूनमध्ये पंतप्रधानांनी जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा तसलाच हिरा भेट दिला. गाबोरोनेतल्या कुठल्या मंत्र्याने १९९० साली हे ओळखायचं होतं?

दिवचलकार:
आमच्या गोव्यात खाणी २०१२ साली थांबल्या. लोहखनिजाच्या उत्पन्नातून कायमस्वरूपी निधी काढा, हे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. तोवर ट्रकवाल्यापासून बार्जवाल्यापर्यंत सगळे खूश होते. बोट्स्वानाने हे आपण होऊन केलं, म्हणून माझं मत ताळेबंद यांच्या बाजूने.

रानवाट:
फंड काढला हे खरं, पण वाढवला किती? तूट आली की त्यातूनच उपसा. त्यांच्या नियमातच पळवाट होती: खनिजांचा पैसा फक्त गुंतवणुकीवर खर्चायचा, पण शिक्षण आणि आरोग्यावरचा चालू खर्चही गुंतवणुकीत धरायचा. म्हणजे मास्तरांचा पगारही गुंतवणूकच! सरकारी नोकऱ्या फुगल्या आणि शिकलेली पोरं सरकारच्याच तोंडाकडे बघत बसली. बेरोजगारी आज २५ टक्क्यांच्या वर आहे.

ताळेबंद:
ही पळवाट नव्हे. एचआयव्हीचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत बोट्स्वाना होता. २००२ पासून त्यांनी सरकारी दवाखान्यांतून फुकट औषधं द्यायला सुरुवात केली, आफ्रिकेत सगळ्यांच्या आधी. ते हिऱ्यांच्या पैशाशिवाय जमलं असतं? फंडात चार पैसे जास्त राहिले असते आणि एक पिढी गेली असती. तुमच्या ताळेबंदात (माझं नाव उसनं घेतो) हे कुठल्या रकान्यात धरता?

रानवाट:
तो खर्च योग्यच होता, त्यावर वाद नाही. पण आताचं बघा. डी बीअर्सची मालक कंपनी अँग्लो अमेरिकन ती विकायला निघाली आहे आणि बोट्स्वाना सरकार डी बीअर्समधला आपला १५ टक्के वाटा वाढवायला बघतंय. भाव घसरत असताना, खजिन्यात चणचण असताना, त्याच एका खड्यावर आणखी पैसे लावणार!

बीकेसीकर:
मग काय करायचं? खाण तुमची, पण माल कुणाला, कधी आणि किती विकायचा हे ठरवणार दुसरा. खऱ्या हिऱ्याची जाहिरात डी बीअर्सने आखडती घेतली, तेव्हा ती ओरापा-ज्वानेंगच्या खाणवाल्यांना विचारून घेतली नव्हती. विक्रीवर हात हवा असेल तर स्वस्तात मिळण्याची वेळ हीच आहे.

रानवाट:
स्वस्त कशावरून? तळ लागलाय हे कुणी सांगितलं?