"डेकोरेटेड" नौदल अधिकाऱ्याला मराठीत काय म्हणायचं? (व्हाईस ॲडमिरल स्टॉकडेल)

शब्दवेडी :
मंडळी, दिवाळी अंकासाठी अमेरिकन नौदलातल्या व्हाईस ॲडमिरल जेम्स स्टॉकडेल यांच्यावर लेख लिहितेय आणि पहिल्याच ओळीला अडलेय. इंग्रजीत त्यांच्याबद्दल कुठेही वाचा, सुरुवातीलाच येतं की हे अमेरिकन नौदलातल्या सर्वात "डेकोरेटेड", म्हणजे सर्वाधिक पदकं मिळालेल्या, अधिकाऱ्यांपैकी एक. मोबाईलमधल्या ॲपनं याचं "सुशोभित अधिकारी" केलं, आणि आपल्याकडे सुशोभीकरण होतं ते तलावाचं नाहीतर चौकाचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, 9 सप्टेंबर 1965 ला ओरिस्कनी या विमानवाहू युद्धनौकेवरून उड्डाण केलेलं त्यांचं स्कायहॉक विमान उत्तर व्हिएतनाममध्ये पडलं, हवाई छत्रीनं उतरले आणि पकडले गेले, पाय मोडला, पुढची साडेसात वर्षं कैदेत, बराच काळ हनोईच्या होआ लो तुरुंगात, एकूण चार वर्षं एकटं कोंडलेलं. 12 फेब्रुवारी 1973 ला सुटले. 1976 मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या हस्ते मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक. एकूण 26 वैयक्तिक युद्धसन्मान. अशा माणसाला एका शब्दात काय म्हणायचं?

पुणेकर_आजोबा :
ताई, "अलंकृत" इतकं वाईट नाही हो. दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते शौर्यपदकं देतात त्या सोहळ्याचं सरकारी नावच "अलंकरण समारंभ" आहे, म्हणजे डेकोरेशनला अलंकरण हा शब्द आपल्या सरकारनं केव्हाच घेतलाय. आणि "विभूषित" तर रोजचा, भारतरत्नानं विभूषित, अमुक पदवीनं विभूषित. मी लिहिलं असतं तर "अनेक शौर्यपदकांनी विभूषित" असं लिहिलं असतं. फक्त एक पाळा, हे विशेषण माणसाला लावा, कारकिर्दीला नको. इंग्रजीत करिअरसुद्धा डेकोरेटेड असतं, मराठीत कारकीर्द फार तर गाजते किंवा गौरवशाली असते, पदकं तिच्या छातीवर लागत नाहीत.

माजी_नौसैनिक_रत्नागिरी :
आजोबांचं बरोबर आहे पण मला खरी चीड येते ती दुसऱ्याच शब्दाची, "विजेता". पेपरात सर्रास छापतात, परमवीरचक्र विजेते अमुक, आणि क्रियापद काय तर "पटकावलं". अरे ती काय कबड्डीची स्पर्धा होती का, जिथे समोरच्याला हरवून ढाल घेऊन आला? अमेरिकेतसुद्धा मेडल ऑफ ऑनर मिळालेली माणसं हेच सांगतात की आम्हाला विनर म्हणू नका, आम्ही ते जिंकलेलं नाही, ते आम्हाला दिलं गेलं. आपल्याकडे यासाठी सोन्यासारखा शब्द आहे, मानकरी. मेडल ऑफ ऑनरचे मानकरी. मान दुसऱ्यानं द्यायचा असतो, स्वतः घ्यायचा नसतो, हे त्या शब्दातच आलं. गावात पालखीचा मानकरी असतो त्यानं कोणाला हरवलेलं नसतं.

खान्देशी_पोरगा :
काका पण "मानकरी" आता स्पर्धेतही चालतोच की, प्रथम क्रमांकाचा मानकरी, महाराष्ट्र केसरीचा मानकरी वगैरे. आणि गावातला मान बऱ्याचदा घराण्यानं येतो, बापाचा पोराला. या माणसानं तर स्वतःच्या अंगावर सोसून मिळवलाय, मग घराण्याच्या मानाचा शब्द त्याला का द्यायचा?

माजी_नौसैनिक_रत्नागिरी :
मुद्दा खरा आहे, वंशपरंपरेची छटा आहे त्यात. पण ऐकणाऱ्याच्या मनात आज ती राहिलेली नाही, राहिलाय तो आदर. "प्राप्तकर्ता" ऐकला की मला मनीऑर्डरचा फॉर्म आठवतो, "धारक" म्हटलं की पासधारक. दुसरा चांगला सुचवा, मी वापरीन.

शब्दवेडी :
मला मानकरी पटला. आता पुढची अडचण, आणि ही मोठी आहे. एका ठिकाणी लिहिलंय "सिल्व्हर स्टार विथ थ्री गोल्ड स्टार्स". याचं कोणीतरी आधीच मराठी केलंय, "एक रौप्य व तीन सुवर्णपदके". ऑलिंपिकसारखं. हे चूक आहे एवढं कळतंय पण नीट समजावून सांगेल का कोणी?

पदकसंग्राहक :
सांगतो, हा माझा आवडता विषय आहे, लांबेल जरा. सिल्व्हर स्टार हे पदकाचं नाव आहे, शौर्यपदक. ते प्रत्यक्षात हातात घेतलं तर दिसतं सोनेरी, पंचकोनी तारा सोनेरी रंगाचा आणि त्याच्या बरोबर मधोमध पानांच्या चक्रात एक अगदी बारीक रुपेरी तारा, नाव पडलं त्या बारक्या ताऱ्यावरून. आता अमेरिकन नौदलात तेच पदक दुसऱ्यांदा मिळालं की दुसरं पदक छातीवर लावत नाहीत, पहिल्याच्या फितीवर एक छोटा सोनेरी तारा लावतात, इंचाच्या पाचसोळांश भागाएवढा. त्यांच्या लष्करात याच कामासाठी ओकच्या पानांचा झुबका असतो. म्हणजे तीन सोनेरी तारे लावलेला सिल्व्हर स्टार याचा अर्थ सिल्व्हर स्टार एकूण चार वेळा मिळाला. स्टॉकडेल यांना चारदाच मिळाला होता, हिशोब जुळतो. वेगळी सुवर्णपदकं वगैरे काही नाही. आपल्याकडे याला "बार" म्हणतात, वीरचक्र आणि बार म्हणजे वीरचक्र दोनदा. तेव्हा मराठीत सरळ "सिल्व्हर स्टार चार वेळा" असं लिहा. आणि त्याच लेखात त्यांना "थ्री स्टार" म्हटलेलं सापडेल, ते तारे पदकाचे नव्हेत, हुद्द्याचे, व्हाईस ॲडमिरल म्हणजे तीन तारे. म्हणून "तारा" हा शब्द लेखात शक्यतो एकाच अर्थानं वापरा नाहीतर वाचक आकाशात जाईल.

पुणेकर_आजोबा :
वा, हे छान सांगितलंत. यात माझी एक भर, त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल तीन वेळा मिळालंय, त्याचं शब्दशः "विशिष्ट सेवा पदक" करू नका. आपल्याकडे त्या नावाचं पदक आहे आणि ते त्या मालिकेत तिसरं आहे, परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि मग विशिष्ट. अमेरिकन नौदलात मात्र ते सिल्व्हर स्टारच्याही वर लागतं. शब्द बरोबर आणि मान खाली, असं होईल. पदकांची नावं विशेषनामं आहेत, देवनागरीत तशीच लिहावीत आणि पुढे अर्ध्या ओळीत काय ते सांगावं. पर्पल हार्टचंही तेच. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्याला किंवा मारला गेलेल्याला ते देतात. आपल्याकडचं जखमींसाठीचं पराक्रम पदक त्याच्या जवळ जातं पण एकच नव्हे.

खान्देशी_पोरगा :
आणि मेडल ऑफ ऑनरला "काँग्रेसचं पदक" लिहू नका प्लीज, मी वाचलंय एकदा आणि खाली लोक पक्षावरून भांडत होते. तिथली काँग्रेस म्हणजे संसद. तिच्या नावानं राष्ट्राध्यक्ष देतात एवढंच.

शब्दवेडी :
लिहून घेतलं सगळं. आता "सीनियर". ज्येष्ठ की वरिष्ठ? तुरुंगातल्या प्रकरणात हा शब्द सारखा येतो.

माजी_नौसैनिक_रत्नागिरी :
वरिष्ठ. ज्येष्ठ वयानं आणि मानानं, ज्येष्ठ नागरिक, ज्येष्ठ साहित्यिक. नोकरीत वरिष्ठ. आणि तिथे तर हा शब्द जीव की प्राण होता. कैदेत गेलं तरी हुद्दा संपत नाही, जो वरिष्ठ त्याच्याकडे हुकूम देण्याची जबाबदारी, आणि दोघांचा हुद्दा सारखा असेल तर ज्याला तो आधी मिळाला तो वरिष्ठ. उत्तर व्हिएतनामच्या कैदेतल्या नौदलवाल्यांमध्ये स्टॉकडेल सगळ्यात वरिष्ठ होते. पकडले गेले तेव्हा ते कमांडर, इथे सावध राहा, कमांडर हा हुद्दाही आहे आणि ते हवाई ताफ्याचे प्रमुख होते म्हणून त्या अर्थानंही कमांडर, दोन्ही खरं, म्हणून "कमांडर हुद्द्यावरचे, ताफ्याचे प्रमुख" असं फोडून लिहा. कैदेत असतानाच कॅप्टन झाले. नौदलाचा कॅप्टन म्हणजे लष्करातला तरुण कॅप्टन नव्हे, तो लष्करातल्या कर्नलच्या तोडीचा असतो.

पदकसंग्राहक :
वरिष्ठ म्हणून हुकूम द्यायचे कसे हेही लेखात येऊ द्या ताई, ते वाचकाला दिसलं पाहिजे. बोलायला बंदी, मग भिंतीवर ठोकायचे. इंग्रजी अक्षरांचा पाच बाय पाचचा चौकोन, के गाळलेला, त्याच्या जागी सी चालवायचे. आधी ओळ ठोकायची, जरा थांबून रकाना. जी म्हणजे दोन आणि दोन, बी म्हणजे एक आणि दोन, यू म्हणजे चार आणि पाच. रात्री निरोप घेताना ही तीनच अक्षरं ठोकायचे, जीबीयू, गॉड ब्लेस यू.

गोंयकार :
याला आमच्याकडे "देव बरें करूं" म्हणतात. आभार मानतानाही हेच म्हणतो आम्ही. मराठीत "देव तुमचं भलं करो" लिहिलंत तर कोणाला अडणार नाही.

शब्दवेडी :
किती सुंदर. हे घेतेच. आता सायटेशन, म्हणजे पदकासोबत जे वाचून दाखवतात ते. प्रशस्तिपत्र लिहू का? त्यात एक ठरलेला भाग असतो, "अबव्ह अँड बियॉन्ड द कॉल ऑफ ड्यूटी".

पुणेकर_आजोबा :
प्रशस्तिपत्र नको, ते शाळेत निबंधाला मिळतं आणि घरी भिंतीवर लागतं. मानपत्र सत्काराचं. मी "गौरवलेख" सुचवतो, निदान त्यात नुसती स्तुती नाही, काय केलं ते लिहिलेलं असतं. आणि त्या वाक्याचं "कर्तव्याच्या हाकेपलीकडे" करू नका, कर्तव्य मराठीत हाक मारत नाही. "कर्तव्य म्हणून जेवढी अपेक्षा असते त्याच्या कितीतरी पुढे जाऊन" असं करा, लांब होतं पण समजतं.

पदकसंग्राहक :
आणि त्या गौरवलेखात शौर्य कशाला म्हटलंय ते बघा, विमान पाडलं, जहाज बुडवलं असलं काही नाही. त्यांना लोकांसमोर मिरवायचं, कैदी कसा खुशाल आहे ते दाखवायचं असा पकडणाऱ्यांचा घाट होता, तर त्यांनी वस्तऱ्यानं स्वतःचं डोकं कापून घेतलं. टोपी घालून झाकू म्हणाले तर लाकडी स्टुलानं स्वतःचं तोंड ओळखू येणार नाही एवढं सुजवून घेतलं. पुढे सप्टेंबर 1969 मध्ये छळ करून सहकाऱ्यांची नावं वदवून घेतील हे दिसल्यावर त्यांनी स्वतःला जवळजवळ जिवावर बेतेल अशी जखम केली, आणि गौरवलेखात नोंद आहे ती याचीच, शरण जाण्यापेक्षा जीव देईन हे पकडणाऱ्यांना पटलं आणि कैद्यांचा छळ कमी झाला. म्हणून माझं मत, "शूर" पेक्षा इथे "धैर्य" वापरा. शौर्य आपल्याकडे तलवारीचं, रणांगणातलं. धैर्य बेड्या घातलेल्या माणसाचंही असतं, आणि त्यांच्या पायात दोन वर्षं बेड्या होत्या.

माजी_नौसैनिक_रत्नागिरी :
शंभर टक्के. पण पदकाला शौर्यपदकच म्हणा, वर्णनात धैर्य.

खान्देशी_पोरगा :
मी ऐकलंय तिथे युद्धकैद्यानं कसं वागावं याची संहिता असते, कोड ऑफ कंडक्ट. "आचारसंहिता" लिहिलं तर आपल्या लोकांना निवडणूकच आठवणार ना?

पुणेकर_आजोबा :
"सैनिकांची आचारसंहिता" म्हणा, एका शब्दानं गाडी रुळावर येते. 1955 साली राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी लागू केली होती, कोरियाच्या युद्धातल्या कैद्यांचे हाल बघून.

शब्दवेडी :
शेवटचा प्रश्न. 2009 मध्ये त्यांच्या नावाची क्षेपणास्त्रवाहू विनाशिका नौदलात आली. आता "यूएसएस स्टॉकडेल दाखल झाला", "झाली" की "झालं"? पुरुषाचं नाव आहे म्हणून अडखळतेय.

माजी_नौसैनिक_रत्नागिरी :
झाली. विनाशिका झाली, युद्धनौका झाली, पाणबुडी झाली. नुसतं जहाज म्हणालात तर झालं. आमच्याकडेसुद्धा विक्रांत पुरुषाचंच नाव आहे आणि आम्ही आयुष्यभर "विक्रांत आली, विक्रांत निघाली" असंच म्हणत आलो. तुम्ही बिनधास्त लिहा, "स्टॉकडेल 18 एप्रिल 2009 ला कॅलिफोर्नियात पोर्ट वायनीमी इथे नौदलात दाखल झाली".