कॉस्मेटॉलॉजी म्हणजे पार्लरचाच कोर्स का?

विश्रामबागकर:
बारावी झालेल्या मुलीसाठी सांगली-मिरजेत क्लासची चौकशी चालू आहे. एका बोर्डावर ‘ब्युटी पार्लर कोर्स’, दुसऱ्यावर ‘डिप्लोमा इन कॉस्मेटॉलॉजी’, आणि फी तिप्पट. विचारलं तर दोन्हीकडे थ्रेडिंग, वॅक्स, फेशियलच सांगतात. मग हा शब्द आला कुठून? त्यात वेगळं काय असतं, आणि क्लास बघायला गेल्यावर काय विचारावं?

कृष्णाकाठ:
शब्द ग्रीक. ‘कॉस्मेटिकॉस’ म्हणजे सजवण्यात तरबेज, आणि त्याच्या मुळाशी ‘कॉसमॉस’, म्हणजे नीट मांडणी, शोभा. काम मात्र आपल्याकडे जुनंच आहे. अज्ञातवासात द्रौपदी विराटाच्या राणीची सैरंध्री झाली, म्हणजे वेणीफणी आणि लेप-उटणी करणारी. वाईला विराटनगरी म्हणतात, तेव्हा सातारकर या धंद्यावर हक्क सांगतील. सांगू देत.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावं शतक) गंधयुक्ती नावाचा अध्याय आहे, त्यात केस काळे करायची कृती दिली आहे. लोखंडी भांड्यात कोद्र्याचे (एक भरडधान्य) तांदूळ आंबट द्रवात लोहचूर्णासकट शिजवायचे, बारीक वाटून केसांना लावायचे, वर ओली पानं गुंडाळायची. दोन प्रहरांनी ते काढून आवळ्याचा लेप. लोह आणि आवळ्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) मिळून काळा रंग धरतो. बोरूच्या जुन्या काळ्या शाईच्या काही कृतीही याच तत्त्वावर होत्या. आजही लोखंडी कढईत मेंदी भिजवतात ती उगाच नाही.

कॉस्मेटॉलॉजीत कृतीबरोबर हे ‘का’ शिकवलं पाहिजे. नसेल शिकवत, तर तिप्पट फी नुसत्या बोर्डाची.

फणीकात्री:
त्या कढईतल्या मेंदीनेच पुढे घोटाळा होतो. लोहाचे अंश केसात असताना वर पेरॉक्साइडचा रंग किंवा ब्लीच लावलं, तर केस गरम होतात, रंग भलताच येतो, कधी केस तुटून हातात येतात. बाजारच्या काही ‘काळ्या मेंदी’तही धातूचे क्षार असतात. म्हणून आधी गळलेले चार केस घेऊन काचेच्या वाटीत २० मिली २० व्हॉल्यूम पेरॉक्साइड आणि १ मिली अमोनियात अर्धा तास ठेवायचे. बुडबुडे आले, वाटी तापली किंवा रंग झपकन बदलला, तर त्या केसांना रंग नाही.

व्हॉल्यूमचा, म्हणजे पेरॉक्साइड किती तीव्र याचा, हिशेब मुलीला पाठ हवा: १० म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. पांढरे केस झाकायला साधारण २० पुरतं. लवकर व्हावं म्हणून ४० घेतलं तर टाळू भाजते. आणि पॅच टेस्ट, म्हणजे थोडासा रंग लावून बघणं, ४८ तास आधी, कानामागे. रंगातल्या पीपीडी नावाच्या रसायनाची ॲलर्जी पहिल्या तासात दिसेलच असं नाही, त्यामुळे ‘सकाळी लावून संध्याकाळी बघू’ हे चालत नाही. लग्नसराईत नेमकी हीच पायरी गाळतात.

हळदपेठ:
एक मुद्दा राहिला. कॉस्मेटॉलॉजिस्ट म्हणजे त्वचेचा डॉक्टर नव्हे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात प्रसाधन म्हणजे अंगाला चोळायची, ओतायची, शिंपडायची किंवा फवारायची वस्तू. सुईने टोचायची गोष्ट त्यात बसतच नाही. बोटॉक्स, फिलर, गोरं करायची म्हणून देतात ती ग्लुटाथिओनची इंजेक्शनं शिकवतो म्हणणाऱ्या क्लासच्या पायऱ्या उतरून खाली या.

विश्रामबागकर:
ताई-दादा, आभार. सरकारी पर्याय आहे का?

फणीकात्री:
आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजी नावाचाच ट्रेड आहे. एक वर्ष, दहावी पासवर प्रवेश. जवळच्या कुठल्या आयटीआयला तो आहे ते प्रवेशाच्या पोर्टलवर बघा.

खाजगी क्लास बघायला गेलात तर प्रॅक्टिकल चालू असताना जा. रंग आणि पेरॉक्साइड काट्यावर तोलतात की अंदाजाने ओततात? वॅक्सची काडी एकदा कातडीला लागल्यावर पुन्हा डब्यात बुडवतात का? वॅक्सआधी गिऱ्हाइकाला विचारतात का, की मुरुमांसाठी रेटिनॉइडची क्रीम किंवा गोळी चालू आहे? ती चालू असेल तर पट्टीबरोबर कातडी सोलून निघते.