बहात्तर साल तुमच्या घरात कसं गेलं? (अनुभव धागा)

१६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी फौजेच्या शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या, ते सगळ्यांना पाठ आहे. मला हवंय ते त्यानंतरचं वर्ष. २६ जानेवारीला दिल्लीत अमर जवान ज्योत पेटली, मार्चच्या निवडणुकीत महाराष्ट्रात काँग्रेसनं २७० पैकी २२२ जागा जिंकल्या, जुलैत सिमला करार झाला आणि त्याच पावसाळ्यानं दगा दिला. विजय आणि दुष्काळ एकाच घरात नांदले. आपण मात्र दोन्हींच्या आठवणी वेगवेगळ्या काढतो, याचं मला वाईट वाटतं. स्वतः पाहिलेलं लिहा, नाहीतर आई-आजीकडून ऐकलेलं. चार ओळी असल्या तरी चालतील.

गिरगाव, मुंबई
ब्लॅकआऊटसाठी खिडक्यांच्या काचांवर चिकटवलेला काळा कागद आमच्याकडे पुढच्या दिवाळीपर्यंत होता. खळ इतकी घट्ट बसली होती की आई पाणी लावून लावून खरवडायची. पण तिच्या बोलण्यात युद्ध फारसं नसायचंच. साखर, तेल आणि रॉकेल, एवढंच. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांना एकत्र आणलं, तेव्हा चाळीतल्या बायका लाटणी घेऊन मोर्चाला गेल्या. आईही गेली. वडिलांना विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

माण तालुका, सातारा
माझा चुलता मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार. जंगी पलटणीतून, म्हणजे तिच्या पहिल्या बटालियनमधून, पूर्व पाकिस्तानात जमालपूरला लढला. मार्चमध्ये फौजा बांगलादेशातून परतल्यावर तो सुट्टीवर आला, तेव्हा वेशीपासून लेझीम लावून त्याला आणला. आत्यानं ओवाळलं, गावजेवण झालं. आदल्या वर्षीही पाऊस बेताचाच होता, तरी कणगीत थोडी ज्वारी होती.

पुढच्या सुट्टीला आला तेव्हा कणगी रिकामी. बैलं गुरांच्या छावणीत, आणि आई-दादा दुष्काळी कामावर, खडी फोडायला. बोटांना चिंध्या बांधून आई दगड फोडायची. ब्रासाच्या मापात खडी भरली तर पगार. भाकरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लालसर आणि थापताना तुटणारी. आम्ही पोरं सुकडीसाठी, म्हणजे मदतीत मिळणाऱ्या पौष्टिक खाऊसाठी, ताटली घेऊन रांगेत. चुलता दुसऱ्याच दिवशी सकाळी कामावर आला आणि हातोडा घेऊन आईशेजारी बसला. मुकादम अवघडला. म्हणाला, "हवालदारसाहेब, तुम्ही कशाला?" चुलता म्हणाला, "मस्टरवर नाव घालू नगा. वहिनीच्या मापात धरा." सुट्टी संपेपर्यंत तो रोज यायचा. गावातल्या कुणी त्याला पुन्हा लढाईच्या गोष्टी विचारल्या नाहीत, आणि त्यानंही काढल्या नाहीत.

तिथं झालेला पाझर तलाव अजून आहे. परवाच्या पावसात भरला.

टपाल खात्यातून निवृत्त, पुणे
पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी पाकिटावर ५ पैशांचं जादा तिकीट लागायचं. युद्धाआधी, नोव्हेंबर ७१ मध्ये ते सुरू झालं आणि बहात्तर साल संपलं तरी चालूच होतं. खेड्यातला माणूस विचारायचा, निर्वासित परत गेले ना, मग अजून का? माझ्याकडे उत्तर नसायचं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. श्रीराम भिकाजी वेलणकरांचं हे काम. संस्कृतात काव्यं आणि नाटकं लिहिणारा हा आपला मराठी माणूस, त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे म्हणून मुद्दाम लिहितो.

वडाळा, मुंबई
स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली म्हणून सगळीकडे रोषणाई होती. मे महिन्यात परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला दोन दलित बायांची धिंड काढली होती, ती आमच्या वस्तीत कुणी विसरलं नव्हतं. मोठा भाऊ सिद्धार्थ विहार वसतिगृहात उठबस असलेला. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांची दलित पँथर ही लढाऊ संघटना त्याच वर्षी उभी राहिली, आणि भाऊ रात्र रात्र घरी येईनासा झाला. युद्ध चालू होतं तेव्हा याच भावानं रांग लावून रक्तदान केलं होतं. त्याला देश आपला वाटत होता, म्हणूनच तर तो जाब विचारत होता. वर कुणी विजय आणि दुष्काळ म्हटलंय. त्यात हे तिसरं धरल्याशिवाय बहात्तर पुरं होत नाही.

उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्हा
माझी आजी त्याच खडीवर होती. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती, असं नंतर वाचलं, तेव्हा आजीच्या बोलण्यातली गर्दी समजली. ती रोजगार हमीला "सरकारची मेहेरबानी" म्हणू द्यायची नाही. "आमी कष्ट केलं, त्याचा पगार घेतला" म्हणायची. माणच्या दादांना विचारायचंय, तुमच्याकडे पगार आठवड्याला व्हायचा का? आमच्या आजीचे दोन-दोन आठवडे थकायचे, आणि वाण्याची उधारी त्यावरच चालायची.